कोसमपूरच्या एक नंबरच्या मागण्या

डोमाजी सोनटक्के तहसील कार्यालयातून निवृत्त झाले, त्या वेळच्या निरोपसमारंभात तहसीलदारसाहेबांनी जाहीर सांगितलं होतं, की डोमाजींच्या मसुद्यातला एक शब्दही बदलायची आपली कधी हिंमत झाली नाही. त्यानंतर शाल आली, श्रीफळ आलं, स्टाफकडून भिंतीवरचं घड्याळ आलं. शाल भाच्याला गेली, घड्याळ पावसाळ्यात दमट होऊन बंद पडलं. साहेबांचं ते वाक्य मात्र डोमाजींनी जपून ठेवलं होतं आणि पाहुणे आले की पोह्यांच्या आधी ते बाहेर काढत. त्यांची बायको साधनाबाई त्या वाक्याला कंटाळली होती. तिचं म्हणणं साधं होतं, की एवढा मोठा मसुदेवाला माणूस, पण ज्या घरात राहतो त्या घराचा साधा कागद त्याला करता आला नाही.

हे खरं होतं आणि म्हणूनच झोंबत होतं. कोसमपूरच्या बसस्टँडमागे डोमाजींनी घर बांधलं, स्लॅब टाकली, त्या दिवशी मजुरांना जिलेबी वाटता वाटता ते बायकोला म्हणाले होते, "हे घर तुह्या नावावर करीन." माणूस शब्दाचा पक्का. दुसऱ्याच महिन्यात त्यांनी दारावर काळ्या दगडाची पाटी बसवली. लोक आपले 'साधना' एवढंच लिहितात. पण डोमाजींना ते संदिग्ध वाटलं, कारण एकाच नावाच्या अनेक व्यक्ती असू शकतात. म्हणून त्यांनी कोरून घेतलं, 'सौ. साधना डोमाजी सोनटक्के यांचे घर'. खाली चतुःसीमाही कोरायच्या होत्या, पण पाथरवटानं छिन्नी खाली ठेवली आणि चहाला निघून गेला.

पाटी झाली. नावावर करायला गेले तेव्हा कळलं की तिथं घरच नाही. सरकारी दप्तरात त्या जागी लिहिलं होतं 'झुडपी जंगल'. कधीकाळी कोणी साहेब घोड्यावरून त्या बाजूनं गेला असेल, त्याला झुडपं दिसली असतील, त्यानं तसं लिहून टाकलं असेल. पुढे झुडपं गेली, वस्ती आली, बसस्टँड आलं, दवाखाना आला, खुद्द नगरपंचायतीचं कार्यालय आलं. कागदावरचं जंगल मात्र जागचं हललं नाही. ते हलवायचं तर कायद्यालाच हात लावावा लागतो, आणि कायदा राहतो मुंबईला. हिवाळ्यात तेवढा तो अधिवेशनाला नागपूरपर्यंत येतो.

"पाटीवर मी हाव, कागदावर झाडं हायेत," साधनाबाई म्हणायची. "उद्या वाघानं येऊन मनलं का बाई माह्या घरातून निंग, तं मी त्याले काय दाखवू?"

शेजारच्या झिंगूभाऊ मेश्रामकडे दाखवायला होतं. झिंगूभाऊ म्हणजे कोसमपूरच्या तलावावरच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. त्यांचं घरही त्याच झुडपी जंगलात, पण त्यांच्याकडे त्यांच्या बापाच्या नावची अतिक्रमणाची नोटीस होती. बाहेरच्या माणसाला हे समजणार नाही. इतर ठिकाणी नोटीस आली की लोक लपवतात. आमच्या भागात नोटीस म्हणजे पुरावा. सरकारनंच लिहून दिलं की हा माणूस अमुक ठिकाणी घर बांधून बसला आहे. उद्या मालकीचे पट्टे वाटायची वेळ आली की ज्याची नोटीस जुनी त्याचा कब्जा जुना. झिंगूभाऊंनी ती लॅमिनेशन करून देवाच्या फोटोशेजारी लावली होती आणि दिवाळीला तिच्यावरही झेंडूची माळ चढायची.

आणि गंमत अशी, की ती नोटीस डोमाजींच्याच हातची होती. नोकरीला लागल्या लागल्या त्या वस्तीतल्या घरांना नोटिसांचा मसुदा त्यांनीच केला होता. पुढे त्यांनी स्वतः तिथंच घर बांधलं, तेव्हा नव्या नोटिसा निघाल्या, पण कार्यालयातल्या कोणालाही सोनटक्केबाबूंच्या नावानं नोटीस काढायची छाती झाली नाही. डोमाजींना त्या वेळी याचा फार अभिमान वाटला होता.

तर, यंदा दिवाळी झाली, धान कापणीला आलं आणि आमदारसाहेबांचा निरोप आला. अधिवेशन तोंडावर आहे, कोसमपूर शहराच्या मागण्या लेखी द्या, कायद्याशी संबंधित असाव्यात, प्राधान्यक्रमानं असाव्यात आणि मुख्य म्हणजे एका कागदावर असाव्यात. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्या जत्रेच्या, उद्घाटनाला येईन तेव्हा घेऊन जाईन.

नगराध्यक्षा मैनाबाई मडावींनी डोमाजींना बोलावून घेतलं. मैनाबाई बाई मोठी खमकी. कोसमपूर गावाचं शहर झालं त्या दिवशी भाषणात त्या म्हणाल्या होत्या, की शहर झालं हे आपल्याला कळलं, आता गायींनाही कोणीतरी कळवा. त्यांनी डोमाजींपुढे कोरा कागद सरकवला.

"डोमाभाऊ, तुमच्यावानी लिवनारा दुसरा नाई. एक पान. बस्स."

"एका पानात काम झालं समजा जी," डोमाजी म्हणाले.

वाटेनं घरी येताना त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. मागणी क्रमांक एक काय असणार हे त्यांच्या मनात ठरलं होतं. शहर हद्दीतील झुडपी जंगल ही नोंद कमी करून रहिवाशांना मालकी हक्क देण्यात यावा. तसं पाहिलं तर अर्ध्या शहराचाच प्रश्न होता, त्यात डोमाजींचं घर आलं तर तो काही त्यांचा दोष नव्हता. त्यांनी तेवढं एक वाक्य लिहिलं, तीनदा वाचलं आणि साधनाबाईला वाचून दाखवलं.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "पण त्याईले समजन का?"

डोमाजींनी या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलं. मसुदा समजावा लागत नाही, तो निर्दोष असावा लागतो, असं त्यांचं मत होतं.

डोमाजी मागण्या लिहून राहिले आहेत ही बातमी तोवर तलावाच्या पाळीपर्यंत गेली होती. पहिले आले झिंगूभाऊ. त्यांच्या मते शहराचा एकच खरा प्रश्न होता, तो म्हणजे तलाव. गाव होतं तेव्हा तलाव कोणाचा हे माहीत होतं. शहर झाल्यापासून तो कोणाचा हे कोणीच सांगत नाही, आणि गाळ काढा म्हटलं की सगळीच कार्यालयं तलाव दुसऱ्याचा असल्याचं छातीठोकपणे सांगतात. "एक नंबरवर टाका जी. मासोया नाई तं शहर कायचं?" असं म्हणून ते पिशवीभर ताजे शिंगाडे ठेवून गेले. मग आले रोजगार हमीवाले. शहर झाल्यामुळे कोसमपुरात हमीचं काम बंद झालं होतं, त्यांची मागणी होती की कोसमपूरचं पुन्हा गाव करा. त्यांच्या पाठोपाठ आले व्यापारी मंडळवाले, त्यांची मागणी होती की कोसमपूरचा जिल्हा करा. दोन्ही मंडळी एकाच वेळी पडवीत बसली, एकाच किटलीतला चहा प्याली आणि दोघांनाही डोमाजींनी पहिल्या नंबरचा शब्द दिला, कारण आलेल्या माणसाला दुसरा नंबर आहे हे तोंडावर सांगणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

बैठकीच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मुख्याधिकारीसाहेब तरुण, साताऱ्याकडचे, परीक्षा पास होऊन थेट कोसमपूरला आलेले. त्यांना वाटायचं की बैठक म्हणजे आधी विषय, मग चर्चा, मग ठराव. त्यांनी फळ्यावर एक ते पाच आकडे लिहिले.

"पाच मागण्या. फक्त कायदेविषयक. आता सांगा, क्रमांक एक?"

सगळं सभागृह एकदम बोललं. साहेबांनी खडू खाली ठेवला. गोंगाट ओसरल्यावर समजलं की क्रमांक एकवर तलाव, गाव, जिल्हा, बसस्टँडवर बायकांसाठी मुतारी, माकडांचा बंदोबस्त, मोहफुलावरचा कर, आणि नाटकाच्या मैदानाला पक्का रंगमंच एवढे विषय आहेत.

"माकडं हा कायदेविषयक मुद्दा नाही," साहेब म्हणाले.

"काऊन नाई?" मागून कोणीतरी विचारलं. "मारलं तं कायदा लागते, मंग हाकलाले काऊन नाई लागत?"

साहेबांनी पुन्हा खडू उचलला. ते म्हणाले, बरं, दुसरा क्रमांक घेऊ. दुसरा क्रमांक घ्यायला सभागृहात कोणीच तयार नव्हतं. दोनचा आकडा फळ्यावर एकटाच बसून राहिला.

अशा वेळी अनुभवी माणसानं पुढं व्हायचं असतं. डोमाजी घसा खाकरून उठले आणि त्यांनी आपलं निर्दोष वाक्य वाचलं. वाक्य लांब होतं, पण चालीत होतं, आणि 'मालकी हक्क' या शब्दांवर आवाज जरा उंचावला होता. मग पुढच्या रांगेतून आवाज आला, "डोमाभाऊ, हे तं तुमच्याच घराचं आहे ना?"

कोणीतरी हसलं. तसं वाईट हसणं नव्हतं ते, पण डोमाजींच्या कानशिलांना आग लागली. इतकी वर्षं नोकरी केली, दुसऱ्याच्या कागदावर स्वतःचा फायदा लिहिला नाही, आणि आज भर सभेत हे ऐकायचं! ते म्हणाले, "मी कोनासाठी लिवून राह्यलो हे शहराले समजत नसन, तं हे घ्या," आणि त्यांनी खिशातलं पेन काढून आपल्याच वाक्यावर आडवी रेघ मारली. अशी रेघ, की खालचा एक शब्द वाचता येऊ नये. झिंगूभाऊ "अजी, अजी" म्हणत उठले तोवर काम झालं होतं. मैनाबाईंनी कपाळाला हात लावला. रेघ मारल्यावर डोमाजींना मोठं धीरोदात्त वाटलं. ते वाटणं साधारण चौकापर्यंत टिकलं, मग घरी जाऊन काय सांगायचं हा विचार सुरू झाला.

इकडे सभेतला पेच सोडवला प्रणितनं. प्रणित हा सगळ्यात तरुण नगरसेवक. दिवाळीपासून होळीपर्यंत तो नगरसेवक कमी आणि नाटकवाला जास्त असतो. मंडईला नाटक ठरवणं, वडशाहून नाटक कंपनी आणणं, पत्रक छापणं हे सगळं तोच करतो. आता आमच्या झाडीपट्टीतलं नाटकाचं पत्रक ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगायला हवं, की त्यात नाटकाचं नाव मधोमध मोठ्ठं असतं आणि भोवती गावातला प्रत्येक मानाचा माणूस कुठल्या ना कुठल्या पदावर बसवलेला असतो. उद्घाटक असतो, सहउद्घाटक असतात, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक, विशेष अतिथी, प्रमुख अतिथी, सत्कारमूर्ती. दुसऱ्या नंबरचा माणूस त्यात नसतोच. त्यामुळे एवढी नाटकं होतात, पण पत्रकावरून गावात भांडण होत नाही.

"आकडे पुसा साहेब," प्रणित म्हणाला. "नाटकाच्या पत्रकावानी करू. तलाव उद्घाटक, हमीचं काम सहउद्घाटक, जिल्हा अध्यक्षस्थानी. माकडाईले विशेष अतिथी."

"मुतारी?" मैनाबाईंनी डोळे वटारले.

"दीपप्रज्वलक," प्रणित लगेच म्हणाला.

ठराव एकमतानं मंजूर झाला. साहेबांनी नियमात असं काही आहे का ते पाहिलं. नाही असंही कुठं लिहिलेलं नव्हतं.

पत्रक छापायला वडशाला गेलं, त्या सकाळी डोमाजी न्हाणीत होते. रेघेचं त्यांनी घरी अजून सांगितलं नव्हतं, पण झिंगूभाऊंच्या बायकोनं ते केव्हाच सांगून टाकलं होतं आणि साधनाबाई कालपासून फक्त भांड्यांशी बोलत होती. टेबलावरचा फोन वाजला. छापखान्यातून होता.

"बाबूजी, सगळं बसवलं जी. मधातली जागा खाली आहे. नाव काय टाकू?"

"कायचं नाव?" साधनाबाईनं विचारलं.

"नाटकाचं जी. मोठ्या अक्षरात. लाल शाईनं."

साधनाबाईनं न्हाणीच्या दाराकडे पाहिलं. आतून तांब्याचा आवाज येत होता. ती म्हणाली, "लिवा, 'आमचं घर जंगलात कसं?'"

"वा बाई," छापखानेवाला म्हणाला. "सामाजिक दिसते. संगीतमय टाकू ना?"

"टाका," ती म्हणाली आणि फोन ठेवून तिनं वांगी चिरायला घेतली. डोमाजी पंचा गुंडाळून बाहेर आले, कोणाचा फोन म्हणाले. छापखान्याचा, ती म्हणाली, काम झालं. डोमाजींना बरं वाटलं.

मंडईच्या दुपारी कोसमपुरात पाय ठेवायला जागा नव्हती. पाळणे फिरत होते, जिलेबीच्या कढया उकळत होत्या, सासरी गेलेल्या सगळ्या लेकी माघारी आल्या होत्या. नाटकाचा मंडप आधीच उभा होता, म्हणून मागण्या देण्याचा कार्यक्रम त्याच मंचावर होता. पडदे ओढणाऱ्या माणसाला कोणीतरी 'मागं काहीतरी शोभेचं सोड' असं सांगितलं, त्यानं हाताला लागला तो पडदा सोडला. तो जंगलाचा होता. हिरवीगार झाडी, मधून वाहणारा झरा, कोपऱ्यात एक हरिण. त्या जंगलासमोर आमदारसाहेब, मैनाबाई, मुख्याधिकारी आणि मानाचे एवढे लोक बसले, की खुर्च्या हरणापर्यंत गेल्या.

डोमाजींना मसुदाकार म्हणून बोलावलं होतं. प्रणितनं पत्रकाची गुंडाळी त्यांच्याच हाती दिली. त्यांनी ती मान झुकवून आमदारसाहेबांना दिली, आमदारसाहेबांनी फोटोसाठी उलगडून धरली, आणि डोमाजींनी ती पहिल्यांदाच पाहिली. मधोमध, हाताच्या पंजाएवढ्या लाल अक्षरांत, 'आमचं घर जंगलात कसं?' खाली कंसात 'तीन अंकी संगीतमय सामाजिक'. भोवती चौकटीत तलाव, जिल्हा, मुतारी आणि माकडं आपापल्या मानानं बसलेली. आणि तळाला, 'विनीत : समस्त कोसमपूरवासी. लेखक : श्री. डोमाजी सोनटक्के'.

डोमाजींना वाटलं की मागच्या पडद्यातल्या झऱ्यात उडी घ्यावी. समोर बायकांच्या रांगेत साधनाबाई बसली होती. ती जिलेबी खात होती आणि त्यांच्याकडे पाहत नव्हती.

आमदारसाहेब याच मातीतले. आयुष्यात त्यांनी अशा शेकडो पत्रकांवर उद्घाटक म्हणून नाव पाहिलं होतं. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

"डोमाजी, पत्रक तं एक नंबर झालं. आता विधानसभेत मले एक मिनिट भेटते जी बोलाले. यातलं काय बोलू?"

डोमाजी तोंड उघडणार तोच पहिल्या रांगेतले सगळे आपापली मागणी ओरडू लागले. आमदारसाहेबांनी हात जोडले, कागदाची घडी केली आणि रात्रीच्या नाटकाला शुभेच्छा देऊन ते पुढच्या मंडईला गेले.

घरी आल्यावर डोमाजी म्हणाले, "माही आयुष्यभराची अब्रू गेली."

"मी साधं विचारलं," साधनाबाई म्हणाली. "तुमी रेघ मारली. मले कोनं विचारलं होतं रेघ मारताना? नाव माह्यं हाय पाटीवर."

डोमाजी हातपाय धुऊन जेवायला बसले.

अधिवेशन सुरू झालं. नगरपंचायतीत प्रणितच्या मोबाईलभोवती सगळे जमले होते. मैनाबाईंनी खुर्ची पुढं ओढली, झिंगूभाऊ जाळं विणता विणता आले होते ते जाळ्यासकट. बराच वेळ दुसऱ्यांचीच गावं झाली. अखेर आमचे आमदार उभे राहिले. त्यांनी कागद उलगडला, एकदा पाहिला, तोंड उघडलं, तोच त्यांना थोडक्यात आटोपायची सूचना झाली. त्यांनी पुन्हा कागद पाहिला. एवढ्या उद्घाटक-अतिथींमधून कोणाला घ्यावं हे त्यांना ठरवता येईना. शेवटी ज्यावर पहिली नजर जाते तेच त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"माझ्या कोसमपूरची जनता विचारते, आमचं घर जंगलात कसं?"

सभागृहात हशा पिकला. मग उत्तर मिळालं, की याची तातडीनं माहिती घेऊन उचित कार्यवाही करण्यात येईल. आमदार खाली बसले. मोबाईल गरम झाला होता, प्रणितनं तो बंद केला.

"तलावाचं राह्यलंच की," झिंगूभाऊ म्हणाले. पण त्यांनी डोमाजींच्या पाठीवर हात ठेवला. डोमाजींना काय वाटावं तेच समजेना. वाक्य त्यांचं नव्हतं, पण विधानसभेत गेलं होतं. त्यांच्या कोणत्याही मसुद्याला आजवर जिल्ह्याच्या पुढे जाता आलं नव्हतं.

उचित कार्यवाही संक्रांतीच्या सुमारास आली. ती जीपमधून आली. डोमाजी तेव्हा झिंगूभाऊंबरोबर तलावावर गेले होते. तिघं जण उतरले, त्यांनी टेप लावला, मोबाईलवर नकाशा पाहिला, घराला चारी बाजूंनी फेरी मारली. विधानसभेतून माणसं आली म्हणून साधनाबाईनं त्यांना तर्री-पोहे केले, तिळाचे लाडू दिले, कुठली भिंत आधीची, कुठली नंतरची ते सांगितलं, कोपऱ्यात टेप नीट धरवत नव्हता तिथं स्वतः धरला. जाताना त्यातला मोठा साहेब दाराशी थांबला, पाटी वाचली आणि लिहून घेतली. "पाटी सुरेख आहे," तो म्हणाला.

त्यानंतर काही दिवसांनी पोस्टमन आला. रजिस्टर पत्र होतं. डोमाजी सही करायला पुढं झाले तर पोस्टमन म्हणाला, "तुमचं नाई जी, बाईचं आहे." साधनाबाईनं सही केली, पाकीट फोडलं आणि चष्मा नाही म्हणून डोमाजींकडे दिलं.

डोमाजींनी वाचायला सुरुवात केली. "विधानसभेत उपस्थित झालेल्या विचारणेच्या अनुषंगाने प्रत्यक्ष स्थळपाहणी केली असता असे निदर्शनास आले आहे की, सदर घर हे सौ. साधना डोमाजी सोनटक्के यांच्या मालकीचे असून त्यांनीच ते जंगलात बांधलेले आहे. तरी सदर अतिक्रमणाबाबत आपले म्हणणे..."

त्यांनी कागद खाली घेतला. म्हणजे विचारलं होतं घर जंगलात कसं, आणि सरकारनं खरोखर चौकशी करून शोधून काढलं होतं की तुम्हीच बांधलं म्हणून. ते भडकले. हे कोणतं कामकाज, ही कोणती भाषा, म्हणत त्यांनी दुसरा परिच्छेद वाचला आणि थांबले. 'आपण उपरोक्त जमिनीवर विनापरवानगी पक्के बांधकाम करून वास्तव्य करीत असल्याचे'... पुढचं त्यांना न पाहताच येत होतं. त्यांचंच होतं ते. कित्येक साहेब आले आणि गेले, कार्यालयात टाइपरायटर जाऊन संगणक आला, पण त्यांच्या मसुद्यातला एक शब्द कोणी बदलला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं की कशाचं, हे डोमाजींना सांगता आलं नसतं.

"काय लिवलं हाय?" साधनाबाईनं विचारलं.

"नोटीस आहे."

"आपल्याले? खरंच?" तिनं कागद हिसकावून घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि तिला स्वतःचं नाव सापडलं. तिनं त्यावरून बोट फिरवलं. "यांच्या मालकीचे असून," तिनं सावकाश वाचलं. मग पुन्हा वाचलं. "अजी, हे तं घर माह्या नावावर झालं."

नावावर झालं नव्हतं. नावावर होणं आणि नावानं नोटीस येणं यातला फरक डोमाजींएवढा कोसमपुरात कोणाला माहीत नव्हता. पण तो सांगायला तोंड उघडणार तोच झिंगूभाऊ कुंपणावरूनच आत आले, त्यांनी नोटीस वाचली, शिक्का तपासला आणि हात जोडले.

"वहिनी, पक्क्या झाल्या तुमी! माह्या बापाच्या नोटीसवर मालकीचं नाई लिवलं. फक्त राहून राह्यला, एवढंच लिवलं."

बातमी फिरली. संध्याकाळपर्यंत सगळी झुडपी वस्ती पडवीत येऊन नोटीस पाहून गेली. कोणी तिला हात लावायच्या आधी हात धुतले. सगळ्यांनी अभिनंदन केलं, पण अभिनंदनात असूया होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपंचायतीसमोर ही गर्दी. आमच्या घरी जीप काऊन नाई आली? आम्ही काय जंगलात राहत नाही का? मुख्याधिकारीसाहेब दोन्ही हात वर करून सांगत होते की नोटीस ही चांगली गोष्ट नसते, तिच्यात घर पाडायचं लिहिलेलं असतं. त्यांचं कोणी ऐकत नव्हतं. घर पाडायचं तर आधी कार्यालय, दवाखाना आणि बसस्टँड पाडावं लागेल, हे तिथल्या लहान पोरालाही माहीत होतं. मैनाबाई पायऱ्यांवर उभ्या राहिल्या.

"थांबा! पुढच्या अधिवेशनासाठी एक नंबरची मागनी. समस्त कोसमपूरवासीयाईले मालकीच्या नोटिसा देण्यात याव्या. कोनाचा विरोध?"

कोणाचाच नव्हता. माकडंवाल्यांनीही हात वर केले. गावाचं शहर झाल्यापासून पहिला नंबर पहिल्यांदाच एकाच मागणीला मिळाला होता. मसुद्यासाठी सगळ्यांनी डोमाजींकडे पाहिलं. डोमाजी म्हणाले, करतो, पण आधी घरचं काम आहे.

घरचं काम म्हणजे नोटिशीचं उत्तर. डोमाजींनी दिवसभर बसून ते तयार केलं. दोन पानं झाली. मान्य नाही पण अमान्यही नाही, बांधकाम आहे पण अतिक्रमण नाही, कब्जा आहे पण हेतू नाही, अशी त्यांनी त्यात बाजू मांडली. आयुष्यातला सर्वोत्तम मसुदा झाला असं त्यांना वाटलं. खाली सहीची जागा सोडून त्यांनी तो साधनाबाईपुढं ठेवला.

तिनं चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. मग ती बाजूला ठेवली, एक कोरा कागद घेतला आणि मोठ्या, गोल अक्षरात लिहिलं, 'हो. घर माझंच आहे.' खाली सही केली, सौ. साधना डोमाजी सोनटक्के, पाटीवर आहे तशी पूर्ण.

"अवो, ही तं कबुली झाली!" डोमाजी ओरडले.

"मंग? कबूलच करून राह्यली मी," ती म्हणाली.

डोमाजींनी पेनचं टोपण काढलं. कागद स्वतःकडे ओढला, वाचला. पुन्हा वाचला. मग टोपण लावलं, कागदाची घडी पाकिटात घातली, आणि एक शब्दही न बदलता पोस्टात टाकायला निघाले.